शेऱ्याचा रकाना

तीन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद.
तिथवर सगळं ठीक चालतं.
मग आवाज एकाच अक्षरावर अडकतो,
शा शा शा शा,
पडदा काळा होतो, परत येतो
आणि कोपऱ्यात पाटी:
डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आहे.

पहिल्यांदा मला हसूच आलं.
एकवीस वर्षं पिसुर्ल्याच्या वजनकाट्यावर
मी हेच तर लिहीत होतो:
ड्रायव्हर हजर नाही.
ड्रायव्हरने सही केली नाही.
ड्रायव्हर तीन हाका मारूनही आला नाही,
भज्यांच्या गाड्यावर सापडला.

उरलेली एक कोरी वही काढली.
ट्रक क्रमांकाच्या जागी फाइलचं नाव घातलं.
भरलेलं वजन, रिकामं वजन खोडून लिहिलं:
कितवा सेकंद, पंखा कसा वाजत होता.
मंगळवार, रात्री सव्वादहा. ३:४७. निळा पडदा.
बुधवार, दुसरा प्लेअर टाकून. ३:४७.
गुरुवार, विजेचा दाब कमी, ट्यूब फडफडत होती. ३:४६.
त्या एका सेकंदाचं काय करावं कळेना.
तरी लिहून ठेवला.

प्रचिती बंगळुरूहून फोनवर सांगते,
बाबा, जुना ड्रायव्हर काढा, नवा टाका.
जुना काढला. अक्षरं विटांएवढी झाली,
नवा आला तो दीड मिनिटातच बसला.
मग आधीचा आणा परत, रोल बॅक करा.
म्हणजे गेलेल्याला परत बोलवायचं?
हो, तसंच काहीसं, म्हणाली,
आणि तिला दुसरा कॉल आला.

शनिवारी डिचोलीहून तेओफिल आला.
चार स्क्रू, बाजूचा पत्रा,
आणि तो गप्पच झाला.
कार्डाच्या पंख्यावर लाल.
घरातली धूळ करडी असते, हलकी, केसाळ.
ही बारीक, जड. बोटाला लागली की
पुसली जात नाही, पसरते.
"काका, खाण बंद जावन कितलीं वर्सां जालीं?"
मी म्हटलं, कार्ड तर गेल्या चवथीला घेतलंय.
ब्रशने झाडली त्याने, वर्तमानपत्रावर.
दोन चमचे असेल.
मी सवयीने मनात पावती फाडली.

पुतणीच्या बारशाचा व्हिडिओ मग पूर्ण चालला,
जत्रेचासुद्धा, पालखी कुठेही न थबकता.
हा मात्र ३:४७.

हा शाबलोच्या मुलाने आणून दिलेला.
फाटकाबाहेरच उभा होता, पेनड्राइव्ह मुठीत.
म्हणाला, बाबांच्या जुन्या मोबाइलात होता.
यात तुम्ही आहात.

शेवटी तेओफिलने सेटिंगमधली एक खूण काढली.
हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन.
"आतां कार्डाक त्रास ना.
प्रोसेसर सगळें हातान करतलो.
सवकास चलतलें."

सावकाशच चाललं.
आवाज पुढे, ओठ मागे.
शेवटच्या खेपेचा दिवस.
काच खाली केलेली, त्यातून माझी खिडकी,
खिडकीत मी. केस काळे.
३:४५. मी मान वर करतो.
३:४६. तोंड उघडतो.
"शाबलो, सही!"

तो हसतो बहुतेक, चित्र हलतं.
मोबाइल डॅशबोर्डवर पडतो, बंद करायचा राहतो,
आणि पुढची अकरा मिनिटं नुसतं ट्रकचं छत,
एक सुकलेली झेंडूची माळ,
इंजिन, गिअर,
आणि त्याचं बेसूर गुणगुणणं,
आमोण्याच्या जेटीपर्यंत.

सही कुठेच दिसत नाही.
ती वही कंपनीने नेली.

प्रचितीला कळवलं, चालू झालं.
ती म्हणाली, आता ती खूण परत लावू नका हं,
वेग येईल, पण पुन्हा बंद पडेल.

नाही लावणार.